मुहाजिर नेमके कोणाला म्हणायचे?

कराचीत धोराजी कॉलनीच्या परिसरात 'सी. पी. बेरार सोसायटी' नावाची एक वसाहत आहे. नागपूर-अमरावतीकडच्या वाचकाला हे नाव पाहून थबकायला होईल, कारण 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हे नाव आपल्याकडे आता इतिहासाच्या पुस्तकात राहिले आहे आणि कराचीत मात्र ते लोकांच्या घरच्या पत्त्यात आहे. त्याच शहरात हैदराबाद कॉलनी, दिल्ली कॉलनी, बिहार कॉलनी, अलिगढ कॉलनी, बनारस चौक, बंगलोर टाउन आणि कोकण सोसायटीही आहे. खुद्द धोराजी हे सौराष्ट्रातले गाव. या पाट्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. आज ज्यांना सरसकट 'मुहाजिर' म्हटले जाते, त्यांचे आजोबा-पणजोबा निघाले तेव्हा त्यांची बोली एक नव्हती, जेवण एक नव्हते, आणि लखनौच्या माणसाला गुजरातीभाषक मेमन व्यापाऱ्याबद्दल विशेष आपलेपणा वाटण्याचेही कारण नव्हते. त्यांची एक जमात म्हणून ओळख घडली ती पाकिस्तानात, तीही तिथे पोहोचल्यानंतर दोन-तीन दशकांनी. मराठी वर्तमानपत्रांत 'मोहाजिर' असेही लिहिल्या जाणाऱ्या या शब्दाची पार्श्वभूमी पाहायची, तर त्याचा अर्थ कोणत्या वर्षी काय होता हे आधी विचारावे लागते.

शब्द मूळचा अरबी. इसवी सन 622 मध्ये प्रेषित मुहम्मद आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेला गेले, त्या स्थलांतराला हिजरत म्हणतात. जाणारे ते मुहाजिर आणि मदिनेत त्यांना आसरा देणारे ते अन्सार. 1947 मध्ये पाकिस्तानात आलेल्या निर्वासितांसाठी हा शब्द रूढ झाला, तेव्हा त्यात आपोआप एक सन्मान आला. घरदार सोडून आलेला माणूस लाचार ठरत नव्हता, धर्मासाठी त्याग केलेला ठरत होता, आणि स्थानिक माणसावर अन्साराची भूमिका न विचारता येऊन पडत होती. सिंधमधल्या अनेकांनी ती मनापासून पारही पाडली. पण बोलताना सिंधी माणूस या लोकांना बहुधा 'पनाहगीर' म्हणजे आसऱ्याला आलेले म्हणत असे, आणि या दोन शब्दांतच पुढच्या तंट्याचे बीज होते. कराची आणि सिंधमधले हैदराबाद सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या आणि पुढे उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी हिंदूंना आपण 'निर्वासित' म्हटले. तो शब्द त्यांना बोचला, पण त्याला धार्मिक वलय नव्हते. त्यामुळे तो पुढे गळून पडणेही सोपे गेले.

पाकिस्तानच्या 1951 च्या जनगणनेत 'मुहाजिर' हा सरकारी वर्ग होता. फाळणीमुळे किंवा फाळणीशी संबंधित दंगलींच्या भीतीने जो पाकिस्तानात आला तो मुहाजिर, अशी सरळ व्याख्या होती. भाषेचा किंवा प्रांताचा तिच्याशी संबंध नव्हता. या व्याख्येने दोन्ही पाकिस्तान मिळून सुमारे 72 लाख मुहाजिर मोजले गेले, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या साधारण दहावा हिस्सा. त्यांपैकी 50 लाखांहून अधिक लोक बहावलपूर धरून पश्चिम पंजाबात होते. कराचीत सुमारे सहा लाख आणि उरलेल्या सिंधमध्ये साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे त्या वर्षी पाकिस्तानातल्या कोणत्याही मुहाजिराला गाठले असते, तर तो बहुधा अमृतसर, जालंधर किंवा लुधियानाकडचा पंजाबी बोलणारा शेतकरी निघाला असता. आज त्याच्या नातवाला कोणी मुहाजिर म्हणत नाही. माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे: 1951 चा आकडा उचलायचा आणि त्याला 1985 नंतरचा अर्थ चिकटवायचा.

पंजाबातला मुहाजिर विरघळला, कारण तो त्याच भाषेच्या, त्याच जातीपातींच्या आणि त्याच शेतीच्या मुलखात आला होता. हिंदू आणि शीख निघून गेल्याने रिकामी झालेली जमीन त्याला मिळाली आणि एका पिढीत तो गावचा झाला. सिंधची गोष्ट निराळी होती. तिथे आलेले लोक मुख्यतः संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश), बिहार, दिल्ली, राजपुताना, गुजरात, मुंबई, मध्य प्रांत आणि 1948 च्या पोलीस कारवाईनंतर निजामाचे हैदराबाद इथून आलेले होते. कोणी मुंबईहून बोटीने आले, कोणी जोधपूरकडून खोकरापारच्या रेल्वेमार्गाने. हा ओघ पंजाबसारखा काही महिन्यांत आटोपला नाही, पन्नासच्या दशकातही चालू राहिला. त्यांच्यात कारकून, वकील, शिक्षक, छापखानेवाले, व्यापारी होते, तसेच विणकर, बिडी वळणारे आणि हातावर पोट असलेलेही होते, आणि ते बहुतेक शहरांतच राहिले. मुहाजिर म्हणजे उत्तर प्रदेशातले शेरवानीतले अभिजन, हे चित्र म्हणूनच अपुरे आहे. लालूखेतच्या (आजच्या लियाकताबादच्या) झोपड्यांत पाण्यासाठी रांगा लावणारे लोकही मुहाजिरच होते.

सिंधी बाजू इथे नीट सांगितली पाहिजे, कारण मुहाजिरांविषयी लिहिताना ती अनेकदा एका वाक्यात उरकली जाते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि स्वतंत्र प्रांतासाठी सिंधी नेत्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली होती. प्रांत मिळून बारा वर्षे होतात न होतात तोच, जुलै 1948 मध्ये कराची केंद्रशासित राजधानी म्हणून सिंधपासून तोडण्यात आली. त्याआधी एप्रिलमध्ये प्रांताचे मुख्यमंत्री मुहम्मद अयूब खुहरो यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्यावर गैरकारभाराचे आरोप होते, आणि कराची तोडण्यास व निर्वासितांचा मोठा वाटा घेण्यास त्यांचा विरोध होता, हेही तितकेच खरे. जानेवारी 1948 मधल्या कराचीच्या दंगलीनंतर तिथल्या हिंदूंचे उरलेसुरले धैर्य खचले आणि त्यांची दुकाने, घरे, वाडे नव्याने आलेल्यांकडे गेले. चार लाखांच्या आसपास वस्तीचे शहर 1951 पर्यंत दहा लाखांच्या पुढे गेले आणि त्यात सिंधी मातृभाषा सांगणारे दहा टक्क्यांच्याही खाली आले. स्वतःच्या राजधानीत स्वतःची भाषा दुर्मीळ व्हावी, सिंध विद्यापीठ कराचीतून हैदराबादला हलावे आणि पुढे 1955 मध्ये पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत एक करणाऱ्या 'वन युनिट'च्या नावाखाली प्रांतच विसर्जित व्हावा, ही सिंधी माणसाची तक्रार केवळ परक्यांचा दुस्वास म्हणून झटकून टाकता येत नाही.

पहिल्या दशकात मुहाजिर पुढारी स्वतःला मुहाजिर म्हणवून घेत नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. कर्नालचे लियाकत अली खान पंतप्रधान होते, उर्दू राष्ट्रभाषा म्हणून पुढे केली जात होती, वरिष्ठ नोकरशाहीत उर्दूभाषकांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कितीतरी मोठा होता आणि कराचीचे भांडवल मोठ्या प्रमाणावर गुजरातीभाषक मेमन, खोजा, बोहरा घराण्यांच्या हाती होते. अशा वेळी 'आम्ही पाकिस्तानी' एवढे म्हणणे पुरत होते. प्रांत, बोली, जात या गोष्टी इतरांच्या आणि मागासपणाच्या, असा एक सूर त्यात होता आणि तो सिंधी, बंगाली कानांना खटकत होता. अयूब खान यांनी 1958 मध्ये सत्ता घेतल्यावर राजधानी उत्तरेकडे हलवली. सत्तेचे केंद्र पंजाबी-पठाण लष्कर आणि नोकरशाहीकडे सरकले. जानेवारी 1965 च्या अध्यक्षीय निवडणुकीत कराचीने अयूब यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या फातिमा जिना यांची बाजू घेतली, आणि निकालानंतर अयूबपुत्राच्या विजयी मिरवणुकीच्या वेळी मुहाजिर वस्त्यांत हिंसाचार झाला. तरीही 1970 च्या निवडणुकीत कराचीच्या उर्दूभाषकांचा मोठा भाग धार्मिक पक्षांच्याच मागे होता. मुहाजिर म्हणून मत मागणारा पक्ष तोवर जन्मला नव्हता.

गाठ पडली ती 1972-73 मध्ये. वन युनिट मोडल्याने कराची सिंधमध्ये परत आली होती आणि केंद्रात व प्रांतात भुट्टोंच्या पक्षाचे सरकार होते. जुलै 1972 मध्ये सिंध विधानसभेने सिंधीला कारभारात स्थान देणारे भाषा विधेयक मंजूर केले, आणि कराची-हैदराबादेत दंगली पेटल्या. अखेर केंद्राने मध्यस्थी केली आणि बारा वर्षांपर्यंत सिंधी किंवा उर्दू येत नाही म्हणून नोकरीत कोणाला डावलले जाणार नाही, असा वटहुकूम निघाला. भाषेचा प्रश्न तेवढ्यावर निवला, पण नोकऱ्यांचा निवला नाही. केंद्रीय सेवांतल्या सिंधच्या 19 टक्के वाट्याचे दोन तुकडे पाडण्यात आले: ग्रामीण सिंधला 11.4 टक्के आणि शहरी सिंधला 7.6 टक्के, शहरी म्हणजे कराची, हैदराबाद आणि सक्कर. या कोट्याच्या नियमात 'सिंधी' किंवा 'मुहाजिर' हा शब्द कुठेही नाही. पण डोमिसाइल दाखल्यावर 'ग्रामीण' की 'शहरी' हे पाहूनच अर्जाचे काय होणार ते ठरू लागले, आणि तो एक शब्द प्रत्यक्षात जमातीसारखा वाचला जाऊ लागला. ज्यांच्या गावात हायस्कूलही धड नव्हते त्या सिंधी मुलांसाठी हा कोटा म्हणजे पहिल्यांदा उघडलेले दार होते. कराचीच्या कारकुनाच्या मुलाला तेच दार तोंडावर बंद झाल्यासारखे वाटले. दोन्ही वर्णने खरी आहेत, आणि यातले एकच सांगणारा लेख तटस्थ राहत नाही. राज्यघटनेत दहा वर्षांसाठी म्हणून घातलेली ही तरतूद नंतर पुनःपुन्हा वाढवली गेली.

कोट्यात अडकलेल्या याच पिढीने 1978 मध्ये कराची विद्यापीठात मुहाजिर विद्यार्थ्यांची संघटना काढली आणि 1984 मध्ये अल्ताफ हुसेन यांच्या नेतृत्वाखाली मुहाजिर कौमी मूव्हमेंट, म्हणजे एमक्यूएम, स्थापन झाली. एप्रिल 1985 मध्ये मिनीबसखाली एका महाविद्यालयीन तरुणीचा मृत्यू झाला. वाहतुकीचा धंदा बहुतांशी पठाणांच्या हाती असल्याने रस्त्यावरच्या त्या संतापाला जमातीचे रूप आले, आणि डिसेंबर 1986 मध्ये कसबा व अलिगढ कॉलनीत झालेल्या हत्याकांडाने ते पक्के झाले. 1987 च्या स्थानिक निवडणुकांत एमक्यूएमने कराची आणि हैदराबाद जिंकले. शिक्षक, दुकानदार, डॉक्टर अशी मध्यमवर्गी तरुण मुले महापालिकेत बसली. जमीनदारांच्या राजकारणाला सरावलेल्या पाकिस्तानात हे अपूर्व होते. पक्षाची मागणी अशी होती की पंजाबी, सिंधी, पठाण आणि बलुच यांच्याप्रमाणे मुहाजिर ही पाचवी 'कौम', म्हणजे वेगळे राष्ट्रीयत्व असलेला समाज, मानावी. सिंधी राष्ट्रवाद्यांचे उत्तर सोपे होते: ज्याला भूमी नाही ती कौम कशी?

हा वाद लिहिणाऱ्याने निकालात काढायचा नसतो. मुहाजिर स्वतःला कौम मानतात की नाही हे सांगता येते, कोण नाकारतो आणि का तेही सांगता येते. पण 'मुहाजिर ही कौम आहे' किंवा 'मुहाजिर अशी काही जमातच नाही' ही दोन्ही विधाने स्वतःच्या आवाजात केली की लिहिणारा एका बाजूला जाऊन उभा राहतो. टोपणनावांचेही तेच. सिंध-पंजाबात या लोकांना 'मक्कड' म्हणजे टोळ किंवा 'भय्ये' म्हटले गेले. दुसरा शब्द मुंबईत कोणत्या सुरात उच्चारला जातो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकापर्यंत या नावावर बरेच रक्त सांडले. 30 सप्टेंबर 1988 ला हैदराबादेत बंदूकधाऱ्यांनी गर्दीच्या बाजारांत गोळीबार करून अनेकांना मारले, मरणाऱ्यांत बहुसंख्य मुहाजिर होते. दुसऱ्याच दिवशी कराचीत सिंधी माणसांना वेचून सूड उगवला गेला. मे 1990 मध्ये हैदराबादच्या पक्का किल्ल्यात पोलीस कारवाईत लोक मेले. जून 1992 मध्ये लष्कराने कराचीत मोहीम उघडली. पक्षावर खंडणी, छळछावण्या आणि खुनांचे आरोप झाले, सुरक्षा दलांवर कोठडीतल्या मृत्यूंचे आणि बनावट चकमकींचे. अल्ताफ हुसेन तोवर लंडनला गेले होते. पक्षाचे गुन्हे जमातीच्या खात्यावर मांडणे ही या विषयावरच्या लिखाणातली सर्वांत सहज होणारी चूक आहे, आणि जमातीच्या दुःखामागे पक्षाचे गुन्हे दडवणे ही तिच्याखालोखालची.

बांगलादेशातल्या बिहारींची कथा याच शब्दाची एक शाखा आहे. 1947 मध्ये पूर्व बंगालला गेलेले हे उर्दूभाषक 1971 मध्ये बहुतांशी पाकिस्तानच्या बाजूने राहिले आणि युद्धानंतर ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत अडकले. जे कराचीला पोहोचले त्यांतले पुष्कळ तिथल्या ओरंगी वस्तीत वसले आणि दुसऱ्यांदा मुहाजिर झाले. उरलेल्यांना आणावे ही एमक्यूएमची जुनी मागणी होती. आपल्याच प्रांतात आपण आणखी अल्प होऊ या भीतीने सिंधी पक्षांनी तिला विरोध केला. छावण्यांतल्या लोकांचे बांगलादेशी नागरिकत्व तिथल्या उच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केले.

1997 मध्ये एमक्यूएमने आपल्या नावातला 'मुहाजिर' काढून 'मुत्तहिदा' म्हणजे संयुक्त हा शब्द घातला. आद्याक्षरे तीच राहिली. आज कराचीत जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतले काही जण 'उर्दू स्पीकिंग' हे नाव पसंत करतात, काही जण स्वतःला उर्दूभाषक सिंधी म्हणतात, आणि काही जण मुहाजिर हाच शब्द अभिमानाने धरून आहेत. आकडे मात्र भाषेचेच मिळतात. 2023 च्या जनगणनेत पाकिस्तानात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे 9 टक्के, सिंधमध्ये 22 टक्के आणि कराचीत निम्म्याच्या आसपास होते. त्या अर्जात 'मुहाजिर' असा रकाना नाही. अलिगढ कॉलनीतल्या घराने उर्दूवर खूण केली असेल. जालंधरहून आलेल्याच्या नातवाने पंजाबीवर केली असेल. धोराजी कॉलनीतल्या घरी अजून गुजराती बोलली जात असेल, तर त्या भाषेचा रकाना यादीत नव्हता; ते घर 'इतर' मध्ये मोजले गेले.