स्पेनच्या किनाऱ्यावरील सुट्टीसाठी शेंगेन व्हिसा: अर्ज नेमका कुठे अडतो

स्पेनच्या दक्षिणेकडील कोस्ता देल सोल या किनारपट्टीवर, मलागा विमानतळाच्या जवळ, तोर्रेमोलिनोस हे समुद्रकाठचे पर्यटनस्थळ आहे. तिथे सुट्टीसाठी जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांतील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, घ्यावा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील रहिवाशांच्या अर्जांचा निर्णय स्पेनचा मुंबईतील वाणिज्य दूतावास घेतो; अर्ज, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे मात्र बीएलएस या कंपनीच्या केंद्रावर स्वीकारले जातात. व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे, सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे भरावे लागते. इथपर्यंत सहसा कोणी अडत नाही. अर्ज नाकारले जातात ते पुढील कारणांनी.

पहिला घोळ देशाच्या निवडीत होतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. पॅरिसमध्ये पाच रात्री आणि तोर्रेमोलिनोसला तीन रात्री असा बेत असताना केवळ तारीख लवकर मिळते म्हणून स्पेनकडे अर्ज करणाऱ्याची फाइल त्याच्याच हॉटेल आरक्षणामुळे उघडी पडते.

सर्वांत जास्त मनस्ताप मात्र निमंत्रणपत्राने होतो. भाऊ, मुलगी किंवा मित्र स्पेनमध्ये राहतो आणि आपण त्याच्याच घरी उतरणार आहोत, म्हणून त्याच्याकडून सही केलेले एक प्रेमळ पत्र मागवून लोक निर्धास्त होतात. स्पेनसाठी असे पत्र पुरत नाही. इथे ‘कार्ता दे इनवितासिओन’ हा अधिकृत दस्तऐवज लागतो आणि तो तेथील राष्ट्रीय पोलीस देतात. यजमानाने स्वतः आपल्या भागातील पोलीस ठाण्याची वेळ घेऊन अर्ज करायचा, आपली ओळख व वास्तव्याचा परवाना दाखवायचा, घराची मालकी किंवा भाडेकरार सादर करायचा, पाहुण्याशी असलेले नाते सांगायचे, शुल्क भरायचे आणि मंजुरीची वाट पाहायची. त्यानंतर मूळ प्रत कुरिअरने भारतात पाठवायची. अनेक शहरांत पोलिसांकडे वेळ मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते. सख्ख्या आईवडिलांना आठ दिवस घरी ठेवण्यासाठी नोकरदार मुलीला इतके हेलपाटे का घालावे लागावेत, याचे पटेल असे उत्तर मला सापडलेले नाही, पण नियम तसा आहे आणि खिडकीवर वाद घालून तो बदलत नाही. म्हणून विमानाची तिकिटे पाहण्याआधी यजमानाला या कामाला लावावे. हे पत्र फक्त राहण्याची सोय सिद्ध करते; खर्चाची ऐपत तरीही स्वतंत्रपणे दाखवावी लागते. पत्र वेळेत मिळणार नसेल तर खरोखर हॉटेलातच उतरावे आणि तेच अर्जात लिहावे. हॉटेलचे आरक्षण दाखवून, व्हिसा मिळताच ते रद्द करून नातेवाइकाकडे राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये, कारण सीमेवरील अधिकारी मुक्कामाचा पुरावा पुन्हा मागू शकतो आणि तिथूनच परत पाठवू शकतो.

ऐपतीचा हिशेब स्पेनने आकड्यात बांधलेला आहे. देशातील मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के इतकी रक्कम दरडोई दररोज दाखवावी लागते आणि मुक्काम कितीही लहान असला तरी एकूण रक्कम त्या वेतनाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. २०२५ साली किमान वेतन १,१८४ युरो होते, म्हणजे दररोज ११८.४० युरो आणि किमान १,०६५.६० युरो. आठ दिवसांचा गुणाकार ९४७.२० येतो म्हणून लोक तेवढेच दाखवतात. प्रत्यक्षात माणशी किमान रक्कमच धरली जाते, म्हणून चौघांच्या कुटुंबाला त्या वर्षी ४,२६२.४० युरो दाखवणे आवश्यक होते. किमान वेतन बदलले की हे आकडेही बदलतात, त्यामुळे आपल्या प्रवासाच्या वर्षाचा आकडा पाहूनच हिशेब करावा. अर्जाच्या आठवड्यात खात्यावर अचानक आलेली मोठी रक्कम विश्वास वाढवत नाही, उलट शंका निर्माण करते. मुदतठेव मोडली असेल, जमीन विकली असेल किंवा मुलाने पैसे पाठवले असतील, तर त्याचा कागद सोबत लावावा.

नोकरदाराकडे पगारपत्रक, रजेचे पत्र आणि आयकर विवरणपत्र सहज असते. शेतकऱ्याकडे बहुधा विवरणपत्र नसते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, आणि ‘विवरणपत्र नाही’ एवढे ऐकूनच अनेक जण धीर सोडतात. अशांनी सातबारा आणि आठ-अ उतारा, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पावत्या आणि ते पैसे जमा झाल्याचे बँकेचे स्टेटमेंट, हे सर्व इंग्रजी भाषांतरासह जोडावे व एका पानात खुलासा करावा. अधिकाऱ्याला मराठी उतारा वाचता येत नाही आणि शेती म्हणजे परतण्याचे भक्कम कारण आहे, हे त्याला आपणच दाखवून द्यावे लागते. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे, असे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र विसरू नये. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल तर जन्मदाखल्यासोबत दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते.

मुदतीचा अर्थही वारंवार चुकीचा लावला जातो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज करता येतो; ते पंधरा दिवस ही शेवटची सीमा आहे, निर्णयाची हमी नव्हे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, मात्र अधिक तपासणी हवी असल्यास ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. मे महिन्यात जायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्यावी. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा असावा. विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्राला आणि पोहोचण्यापासून निघण्यापर्यंतच्या प्रत्येक दिवसाला लागू असावा.

व्हिसा हाती आल्यावर तो नीट वाचावा. त्यावरील ‘पासून-पर्यंत’ या तारखा म्हणजे राहण्याचे दिवस नव्हेत. राहता येते ते स्वतंत्र रकान्यात लिहिलेल्या दिवसांइतकेच, आणि येण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. प्रवेशसंख्या एक असेल तर कोस्ता देल सोलवरून निघणाऱ्या मोरोक्कोतील टँजिरच्या एकदिवसीय सहलीला जाऊ नये. बोटीत चढताना तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि त्याच व्हिसावर संध्याकाळी परत येता येत नाही.

अर्ज नाकारला गेल्यास कारणांवर खुणा केलेला कागद मिळतो. तो कळवला गेल्यापासून एका महिन्यात त्याच दूतावासाकडे फेरविचार मागता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात दाद मागता येते. नवा अर्जही करता येतो, परंतु शुल्क पुन्हा भरावे लागते आणि नकाराची नोंद सर्व शेंगेन देशांना दिसते. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या देशाकडे नेण्यात अर्थ नाही. ज्या कारणावर खूण केली आहे त्याचा कागद आधी मिळवावा, तो आता कुठे जोडला आहे हे अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि मगच नवी वेळ घ्यावी.