गव्हाची रोपसंख्या आणि दोन ओळींतील अंतर

शेतात ठराविक जागेत गव्हाची रोपे किती आहेत आणि ती कशी मांडलेली आहेत, यावर प्रकाश, पाणी व अन्नद्रव्यांची वाटणी आणि पर्यायाने उत्पादन ठरते. रोपसंख्या बियाण्याच्या प्रमाणावर व उगवणीवर, तर मांडणी पेरणीयंत्राच्या फणांमधील अंतरावर अवलंबून असते.

बियाणे किलोत मोजण्याची पद्धत सोयीची असली तरी फसवी आहे. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम असलेले बियाणे हेक्टरी १०० किलो पेरले, तर चौरस मीटरला २५० दाणे पडतात. वाण टपोरा असून तेच वजन ५० ग्रॅम भरत असेल, तर फक्त २०० दाणे पडतात. ओळी रुंद केल्या की रोपांना मोकळीक मिळते, हा समजही अर्धाच खरा. चौरस मीटरला २५० दाणे हे प्रमाण कायम ठेवले, तर १५ सेंमी अंतराच्या ओळीत दोन दाण्यांमध्ये सरासरी २.७ सेंमी जागा राहते, २२.५ सेंमीला १.८ आणि ३० सेंमीला जेमतेम १.३ सेंमी. ओळींमध्ये जमीन उघडी पडते आणि ओळीत मात्र रोपे एकमेकांच्या मुळांवर उठतात. निम्मे बियाणे उभ्या व निम्मे आडव्या ओळींत पेरण्यामागे हीच दाटी मोडण्याचा हेतू असतो.

तरीही गहू बराच फरक पचवतो, तो फुटव्यांच्या, म्हणजे रोपाच्या बुडातून निघणाऱ्या जादा काड्यांच्या बळावर. उत्पादन म्हणजे ओंब्यांची संख्या, प्रत्येक ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन यांचा गुणाकार. पीक विरळ असेल तर रोपाला फुटवे जास्त येतात, ओंबीत दाणेही अधिक भरतात. दाट असेल तर उशिरा आलेले फुटवे ओंबी न धरताच वाळतात. त्यामुळे मधल्या मोठ्या टप्प्यात रोपसंख्या बदलूनही उत्पादन फारसे हलत नाही. दाटी वाढत गेली की पिकाचे एकूण वजन एका पातळीवर स्थिरावते, दाण्याचे उत्पादन मात्र एका मर्यादेनंतर घटू लागते. दाट पिकात काड्या बारीक व उंच होतात. त्यात नत्र जास्त झाले, तर पीक लोळते.

फुटव्यांनी होणाऱ्या या भरपाईला वेळ लागतो. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटव्यांचा काळच अपुरा मिळतो, म्हणून तेथे बियाणे सुमारे सव्वापट करून ओळी १५ ते १८ सेंमीवर घेतात. जवळच्या ओळी जमीन लवकर झाकतात. तणांना ऊन कमी मिळते. पाण्याची ददात असेल तेथे हिशेब उलटतो. दाट पीक जमिनीतली ओल सुरुवातीलाच संपवते आणि दाणे भरताना कोरडे पडते. मात्र केवळ ओळी रुंद केल्याने ओल वाचतेच असे नाही, कारण उघड्या जमिनीतून बाष्पीभवन वाढते.

मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात गादीवाफ्यांवर, म्हणजे उंच सपाट वाफ्यांवर, गव्हाच्या दोन-तीन ओळी घेऊन मधल्या सऱ्यांतून पाणी देतात. सरी रिकामी असूनही उत्पादन टिकते, कारण कडेच्या रोपांना प्रकाश अधिक मिळतो व ती जास्त फुटतात.

उगवण कमी झाल्यास पीक मोडायचे की ठेवायचे, हे ओळीतली रोपे मीटरपट्टी लावून ठिकठिकाणी मोजून ठरवावे. विरळ पण सारखे उगवलेले पीक सहसा राखावे. ओळीत हातहात लांबीचे खाडे पडले असतील, तर शेजारची रोपे कितीही फुटली तरी ती जागा भरून निघत नाही.