ऊन दुपारी, दिवे संध्याकाळी

रात्री बाराला लाईट येते. काठी आणि बॅटरी घेऊन माणूस उसात दारे धरायला निघतो. पायाखाली साप असू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तर बांधापलीकडे बिबट्याही. सौर ऊर्जेने आपल्याला काय दिले असे कोणी विचारले, तर कार्बनचा हिशेब मी नंतर मांडेन. आधी सांगेन की ज्याच्या रानात सौर पंप बसला, तो आता दिवसा पाणी देतो आणि रात्री घरी झोपतो.

अशाच एका पंपापाशी मी मे महिन्यात उभा होतो. पॅनेलला हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. "एवढ्या उन्हात मोटर जोरात चालत असेल," मी म्हणालो. शेतकरीण मावशी म्हणाल्या, "छे, थंडीत बघा कशी चालते ती!"

त्यांचे निरीक्षण अचूक होते. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नव्हे. पॅनेलवर लिहिलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मेच्या दुपारी पॅनेल 60 अंशांपर्यंत तापले, की दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तिथेच गेला. त्यात धूळ बसते, म्हणून मावशी ओल्या फडक्याने काचा पुसतात, तेही सकाळी गार असताना.

मला खरी काळजी वाटते ती जमिनीखालच्या पाण्याची. डिझेल इंजिन चालवताना प्रत्येक तासाला पैसे जळतात, त्यामुळे हात आपोआप आखडतो. उन्हाचे बिल येत नाही. मग मोटर दिवसभर चालते आणि बोअर खोल जात राहते. न वापरलेली वीज ग्रिडला विकता आली, तर मोटर बंद ठेवण्यातही शेतकऱ्याचा फायदा राहील. पाण्याची ओढ असलेल्या तालुक्यांत ही सोय पंपाबरोबरच यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी अडचण वेळेची. संध्याकाळी घराघरात दिवे, पंखे, टीव्ही एकदमच सुरू होतात, नेमकी तेव्हाच पॅनेलची वीज शून्यावर आलेली असते. म्हणून एवढे मेगावॉट बसवले, या आकड्यावरून फार काही कळत नाही. 2025 मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूखेरीजच्या स्रोतांचा झाला, ही मोठीच मजल आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला बहुतांश भाग अजून कोळशाचाच आहे.

वारा या बाबतीत थोडा हात देतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात उभे राहणे कठीण होते. आभाळ भरून पॅनेल मंदावतात, त्याच महिन्यांत तिथल्या पवनचक्क्या सर्वांत जोमात फिरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. उलटही तितकेच खरे: वेग निम्मा झाला, की आठवा हिस्साच उरतो. पावसाळा सरल्यावर तीच पाती कितीतरी वेळ नुसती उभी दिसतात.

मग दुपारची वीज साठवायची कुठे? बॅटऱ्या आहेतच, पण सह्याद्रीने आणखी एक जागा दिली आहे. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर घाटघरचे वरचे धरण आहे, आणि खाली शहापूरच्या बाजूला दुसरे. वीज उरते तेव्हा पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडून जनित्रे फिरवायची. याला उदंचन म्हणतात. चढवायला खर्च केलेल्या विजेचा साधारण तीन चतुर्थांश भाग परत मिळतो. बाकीची घट सोसावी लागते.

घाटघरची क्षमता 250 मेगावॉट. राज्याची मागणी 25 हजारांच्या वर जाते, म्हणजे हे शंभरातले एक. त्यामुळे घाटमाथ्यावर असे आणखी प्रकल्प आखले जात आहेत, आणि तिथे जंगल आहे, वाड्या आहेत, देवराया आहेत. कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्राने कितीतरी संध्याकाळी दिवे लावले. त्या धरणासाठी उठलेल्या गावांतली नातवंडे मात्र अजून जमिनीच्या हक्कासाठी मोर्चे काढतात. नव्या उदंचन प्रकल्पांच्या खर्चात त्या जमिनीचा आणि माणसांचा हिशेब पहिल्याच पानावर यायला हवा.