मोठ्या क्षमतेच्या कार स्टिरिओसाठी विद्युत यंत्रणेची सुधारणा

कारमध्ये जास्त शक्तीचा अँप्लिफायर आणि सब-वूफर बसवल्यावर त्यांना व्होल्टेज न ढासळता पुरेसा विद्युतप्रवाह मिळावा, म्हणून अल्टरनेटर (इंजिनाने फिरणारे, वीज तयार करणारे यंत्र), बॅटरी, केबल आणि अर्थिंगमध्ये (गाडीच्या पत्र्याशी केलेल्या ऋण जोडणीत) केलेले बदल. साधारण ५०० वॅट आरएमएसपर्यंत (सतत देता येणाऱ्या शक्तीपर्यंत) बहुतेक गाड्यांची मूळ यंत्रणा निभावून नेते. हजार वॅटच्या पुढे हे बदल टाळता येत नाहीत.

मागणीचा हिशोब. खोक्यावर छापलेला 'मॅक्स' वॅटचा आकडा हिशोबाला निरुपयोगी आहे. आरएमएस आकडाच धरावा. डी वर्गाच्या (स्विचिंग पद्धतीने चालणाऱ्या) अँप्लिफायरची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के असते. म्हणजे १,००० वॅट बाहेर काढायला १,२५० वॅट आत लागतात, आणि १३.८ व्होल्टला हा प्रवाह ९० अँपिअरच्या आसपास जातो. कमी कार्यक्षम एबी वर्गाचा अँप्लिफायर तेवढ्याच आवाजासाठी १३० अँपिअरपर्यंत ओढतो. गाण्यातली सरासरी मागणी याच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते, पण बासचा प्रत्येक ठोका पूर्ण प्रवाह मागतो.

छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर बहुधा ६५ ते ९० अँपिअरचा असतो. हा आकडा इंजिनाच्या वाढलेल्या फेऱ्यांवरचा. सिग्नलला उभ्या गाडीत त्याच्या निम्माच प्रवाह मिळाला तरी नवल नाही. त्यातूनच हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि इंधनपंप चालतात. उरलेली तूट बॅटरी भरून काढते, आणि व्होल्टेज १४.२ वरून थेट बाराच्या घरात उतरते. ठोक्यागणिक हेडलाइट मंदावतात ते यामुळेच. ज्या अँप्लिफायरचा अंतर्गत वीजपुरवठा नियंत्रित नसतो, त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: १४.४ व्होल्टचे १२ झाले की सुमारे ३० टक्के शक्ती गेली. ऐकणारा आवाज वाढवतो, ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि सब-वूफरची कॉइल जळते.

बिग थ्री. सुधारणेची सुरुवात इथून करावी, कारण खर्च सर्वांत कमी आणि फरक लगेच दिसणारा. अमेरिकेतल्या कार ऑडिओ मंडळींत रूढ झालेले हे नाव तीन जोडण्यांचे आहे: अल्टरनेटरच्या बी-प्लस टोकापासून (जिथून वीज बाहेर पडते) बॅटरीच्या धन टोकापर्यंत, बॅटरीच्या ऋण टोकापासून चॅसीपर्यंत (गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत), आणि इंजिन ब्लॉकपासून चॅसीपर्यंत. मूळ वायर काढायच्या नाहीत. त्यांना समांतर ५० चौ. मिमीची केबल टाकायची. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे. अल्टरनेटरच्या केबलला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तो अल्टरनेटरच्या कमाल प्रवाहाहून थोडा वरचा घ्यावा, म्हणजे १२० अँपिअरला १५० चा.

बहुतेक बिघाड अर्थिंगमध्ये सापडतात. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बसेल तिथला रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. कोकणाच्या दमट हवेत हे न केल्यास उघडा पत्रा फार लवकर गंजतो. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला कधीही वापरू नये. लग केबलवर हायड्रॉलिक क्रिंपरने (दाबयंत्राने) दाबावेत. हातोडीने चेचलेला लग वरून घट्ट दिसतो, पण आत पोकळी राहते आणि भार आला की तापतो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर बऱ्याचदा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. जादा ऋण केबल सेन्सरच्या चॅसीकडच्या बाजूला जोडावी. थेट बॅटरीच्या टोकावर जोडली तर तिच्यातला प्रवाह गाडीच्या संगणकाच्या नजरेतून सुटतो आणि चार्जिंगचे गणित बिघडते. बेल्टवरच्या आयएसजी मोटारीने (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेल्या) बॅटरी भरणाऱ्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत वायरिंग आकृती हाती असल्याशिवाय हात घालू नये. गाडीची वॉरंटी शिल्लक असेल तर वायरिंगमधील बदलांबाबतच्या अटी आधी वाचाव्यात.

मुख्य केबल. बॅटरीपासून डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत ५ मीटर धरू. ८ चौ. मिमीच्या तांब्याच्या केबलमधून ९० अँपिअर गेले तर जवळपास १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि सुमारे ८७ वॅटची उष्णता कार्पेटखाली साठते. ५० चौ. मिमीच्या केबलमध्ये हीच घट ०.१५ व्होल्टवर येते. बाजारात स्वस्त 'किट'मध्ये मिळणारी केबल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी दिसते. ती वापरायचीच असेल तर चौ. मिमीच्या हिशोबाने दीडपट मोठी घ्यावी.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत बसवावा. तो अँप्लिफायरच्या रक्षणासाठी नाही, केबलला आग लागू नये म्हणून असतो. त्यामुळे त्याची क्षमता केबलच्या जाडीवरून ठरते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून केबल नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) न घातल्यास धक्क्यांनी इन्सुलेशन कापले जाते. कारमधल्या आगींचे हे अगदी टाळता येण्याजोगे कारण आहे.

अल्टरनेटर, बॅटरी आणि कपॅसिटर. इंजिन चालू असताना वीज तयार करतो तो फक्त अल्टरनेटर. सतत तूट पडत असेल तर जास्त बॅटऱ्या लावून ती भरत नाही, त्या रिकाम्या व्हायला थोडा जास्त वेळ लागतो एवढेच. मोठा अल्टरनेटर निवडताना कमाल आकडा न पाहता इंजिन निवांत फिरताना तो किती अँपिअर देतो ते विचारावे. २०० अँपिअर देताना तो इंजिनाकडून सुमारे ६ अश्वशक्ती घेतो, म्हणून जुना बेल्ट घसरून किंचाळू लागतो; बेल्ट आणि टेन्शनर सोबतच तपासावेत.

दुसरी बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत ठेवायची तर सीलबंद एजीएमच (आम्ल काचतंतूच्या थरात शोषलेली बॅटरी) घ्यावी, कारण साध्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो.

१ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन सोडणारा घटक) मोठ्या आशेने विकला जातो. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो फक्त २६ जूल देतो. १,२५० वॅटच्या मागणीला ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते पुरतात. तेच पैसे केबलमध्ये घालावेत.

तपासणी. इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा सूर नेहमीच्या कमाल आवाजात काही सेकंद वाजवावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरे अँप्लिफायरच्या धन टोकावर ठेवावे. मग ऋण बाजूलाही तसेच करावे. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. ऋण बाजूची घट जास्त असेल तर डिकीतले अर्थिंग पुन्हा घासावे. दोन्ही बाजू ठीक असून बॅटरीवरच व्होल्टेज १२.५ खाली जात असेल तर अल्टरनेटर अपुरा आहे. काही गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंग व्होल्टेज उतरवतो, म्हणून हेडलाइट लावून मोजणी पुन्हा करून पाहावी. रेसबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून येत असेल तर आरसीए वायर (स्टिरिओचा आवाज अँप्लिफायरपर्यंत नेणारी) मुख्य केबलपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी आणि अँप्लिफायरचे अर्थिंग आधी तपासावे.