थर्मल दुर्बिणीतून आरपार दिसत नाही

अमेरिकेत टेक्सससारख्या राज्यांत रात्री कायोटीची शिकार होते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद. जखमी सशाच्या किंकाळीचा आवाज काढून त्याला जवळ बोलावतात आणि बंदुकीवरच्या थर्मल दुर्बिणीतून टिपतात. या दुर्बिणीला भिंत, काच, झाडी यांच्या आरपार दिसतं, हा समज मात्र साफ चुकीचा आहे.

ती फक्त पृष्ठभागातून निघणारी उष्णता टिपते, साधारण 8 ते 14 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी. साध्या काचेतून त्या पार होतच नाहीत, म्हणून तिचं भिंग जर्मेनियमचं असतं. गाडीची काच बंद ठेवून बघा: बाहेरचं रान गायब, उलट काचेत स्वतःच्याच चेहऱ्याची ऊब उमटते. झुडपामागचं जनावर दिसतं ते पानांच्या फटींतून. झाडी दाट असली की तेही नाही. दाट धुक्यात चित्र आणखी पुसट होतं.

खरा धोका पुढे आहे. थर्मलमध्ये कातडीचा रंग नसतो, गळ्यातला पट्टाही सहज कळत नाही. सशाची किंकाळी ऐकून शेजारच्या वाडीवरचा कुत्राही धावत येतो, आणि लांबून तोही तसाच पांढरा ठिपका दिसतो. चाल, कान, शेपटी नीट ओळखू येईपर्यंत चापावर बोट नेऊच नये.