टेकडीवरची 'शुद्ध' हवा नेमकी कुठे असते?

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सअॅपवर तो निरोप परत फिरू लागतो: ब्राह्ममुहूर्तावर हवेत ओझोन भरपूर असतो, म्हणून पहाटे टेकडी चढा, फुप्फुसं शुद्ध होतात. पुण्यात याला गिऱ्हाईक कमी नाही. वेताळ टेकडीच्या वाटांवर अंधार असतानाच माकडटोप्या आणि मफलरांची वर्दळ सुरू होते. चालण्याबद्दल माझी तक्रार नाही, ओझोनबद्दल आहे. जमिनीलगत ओझोन तयार व्हायला ऊन लागतं. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमधून सूर्यप्रकाश ऑक्सिजनचा एक अणू सुटा करतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला जाऊन मिळतो. म्हणजे शहरात ओझोन जास्त असतो तो दुपारी. पहाटे तो कमीच. शिवाय हा वायू फुप्फुसांना झोंबतो, तेव्हा पहाटे तो नसतो हे आपलं नशीबच!

मग पहाटेची हवा चांगली की वाईट? तुम्ही टेकडीवर किती उंचीला आहात, यावर ते ठरतं.

वर जावं तशी हवा गार होते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, हे आपण भूगोलात शिकलो. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, तर शहर 560 मीटरच्या आसपास. या हिशोबाने माथा दीडेक अंशाने गार हवा. हिवाळ्यातल्या निवांत, निरभ्र पहाटे मात्र बऱ्याचदा उलट घडतं: पायथ्याशी हुडहुडी आणि वर ऊब. चढताना स्वेटर काढावासा वाटतो, त्याचं सगळं श्रेय आपण चढाला देतो. थोडं हवेलाही द्यायला हवं.

कारण जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत असते. 15 अंश सेल्सिअसला असलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे जवळपास 390 वॅट इतकी ऊर्जा अवरक्त किरणांतून सोडतो. त्यातली बरीचशी हवेतलं बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि ढग शोषून पुन्हा खाली पाठवतात. पण 8 ते 13 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते. आणि गंमत अशी, की 15 अंशांच्या जमिनीचं उत्सर्जन नेमकं 10 मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतं! पावसाळ्यात ही खिडकी ढग बुजवून टाकतात. जानेवारीत रात्र लांब, आकाश मोकळं, बाष्प कमी. खिडकी सताड उघडी.

हवा स्वतः इतक्या झपाट्याने निवत नाही. निवते ती जमीन, आणि तिच्यामुळे तिला टेकलेला हवेचा थर. गार हवा जड असते. वारा नसला की ती वरच्या हवेत मिसळत नाही. उतारावर असेल तर ओघळींतून घरंगळत सखल भागात साचते. खाली गार, वर उबदार अशा या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंडीच्या बातम्यांत पाषाणचा पारा मगरपट्ट्यापेक्षा काही अंशांनी खाली दिसतो, त्यात काँक्रीटच्या उबेचा वाटा आहे, तसा या साचलेल्या हवेचाही.

पायवाट ओघळ ओलांडते तिथे अंगावर एकदम काटा येतो. टेकडीचं नाव लक्षात घेता त्याचा संबंध कोणाशी जोडला जातो, हे सांगायला नको. ओघळीतून उतरणारी गार हवा आहे ती. चार पावलं वर चढा, वेताळ आपोआप सोडून देतो.

झाडंही यात ढवळाढवळ करतात. दाट पानांखालच्या जमिनीला उघडं आकाश दिसत नाही, पानं दिसतात, आणि पानं स्वतःची अवरक्त किरणं तिच्याकडे पाठवत राहतात. म्हणून उघड्या गवतावर दहिवर पडलेलं असताना झाडाखाली कोरडं असतं. वनखात्याने आपल्या टेकड्यांवर भरमसाट लावलेली गिरिपुष्पाची झाडं मात्र थंडीतच पानं गाळू लागतात, त्यामुळे तिथलं छप्पर फाटकंच.

आता धुराकडे वळू. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी वरची उबदार हवा खालच्या थराला कोंडून धरते. पेटवलेला पालापाचोळा, शेकोट्या, पहाटेच्या गाड्या, सगळ्यांचा धूर त्या थरात अडकतो. थर उथळ असेल त्या दिवशी माथ्यावरून शहरावरचा करडा पट्टा स्पष्ट दिसतो आणि आपण त्याच्या वर असतो. पण तिथे पोचायला त्या पट्ट्यातूनच चढावं लागतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चढावर हाच आकडा सहज 40 लिटरपर्यंत जातो. म्हणजे हवा सर्वांत वाईट असते तिथेच आपण ती सर्वांत जास्त ओढतो.

जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. जमीन तापून झाकण उठायला पुढे आणखी दोनेक तास लागतात, आणि मग खालचा धूर पातळ होत माथ्यापर्यंत येतो. दम्याचा त्रास असेल तर एक तर ऊन चांगलं वर आल्यावर निघावं, नाहीतर पायथ्याचा पहिला चढ धापा लागणार नाही इतक्या सावकाश चढावा. धावायचंच असेल, तर वर पठारावर सपाटी भरपूर आहे.