‘हाव जी’ म्हणजे समजलं का?

यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग असला, की “समजलं का?” या प्रश्नाला एकच उत्तर येतं: “हाव जी.” शिकवणारा खूश होऊन पान उलटतो. खरं तर त्या ‘हाव जी’चा अर्थ ‘ऐकून राहिलो’ एवढाच असतो. गुरुजीला तोंडावर ‘नाई समजलं’ म्हणणं बरं दिसत नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे शाळांत इंग्रजी आलं ते भाषांतर आणि घोकंपट्टीच्या वाटेनं. मास्तरानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही घरची रीत तिथंही चालून गेली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये सुरू झालं. आज चाळिशी ओलांडलेल्यांचं इंग्रजी त्यामुळं उत्तरपत्रिकेतलंच.

बोलून शिकवण्याची पद्धत दुसऱ्या मातीतली. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला शाळा काढली: वर्गात मातृभाषा बंद, प्रश्न आला की लगेच उत्तर. पुढे डेल हाइम्स या अभ्यासकानं मांडलं, की व्याकरण येऊन भागत नाही. कुणाशी, कधी, काय बोलावं हेही यावं लागतं, आणि त्याचे नियम समाजागणिक वेगळे. पाठ्यपुस्तकांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि नियम मात्र इंग्रजांचेच ठेवले, असं माझं मत.

पहिलाच पाठ ओळखीचा. ‘माय हजबंड्स नेम इज’ इथवर बाई धडाधड येते नि पदर तोंडाला लावून थांबते. शेजारीणच नाव सांगून टाकते. वाक्य तिला येतं. चारचौघांत नवऱ्याचं नाव मात्र उखाण्यातच घ्यायचं असतं. उखाणा घालू दिला तर नाव येतं, आणि वर टाळ्याही पडतात! मग जोडीनं संवाद करायचा, तर समोर नात्यानं सासरा लागणारा माणूस. त्याला ‘यू’ म्हणायचं कसं? तू, तुम्ही, आपण सगळं त्या एकाच शब्दात. घरच्याला ‘थँक्यू’ म्हणणं तर त्याला परकं केल्यासारखंच.

‘पाणी द्या ना जी’ यातली सगळी अदब ‘द्या’, ‘ना’ आणि ‘जी’मध्ये आहे. शब्दाला शब्द लावला की उरतं ‘गिव्ह मी वॉटर’, आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो.